इंटरनेटवरील जाहिरात आणि शेतकऱ्याचा शब्द

बोलणाऱ्याची बोरे विकतात, अशी आपल्याकडे म्हण आहे व ती खोटी नाही. परंतु ऐकण्यास वळलेल्या प्रत्येक माणसामागे बोलणाऱ्यास दाम मोजावे लागत असतील, तर काय बोलावे, किती बोलावे व कोणास ऐकू जाईल असे बोलावे, याचा विचार बोरांच्या विचाराइतकाच अगत्याचा होतो. सांप्रत आपल्या कित्येक शेतकरी बंधूंवर हा प्रसंग आलेला आहे. कोणी आंब्याच्या पेट्या, कोणी गुळाचे रवे, कोणी बेदाणा, कोणी हळद, कोणी घरी सडलेला तांदूळ थेट शहरातील घराघरांत पाठवू लागले आहेत, व त्यासाठी गूगल, फेसबुक, इन्स्टाग्राम अशा ठिकाणी पैसे भरून जाहिराती देत आहेत. या जाहिरातींच्या मजकुराविषयी आमचे विचार आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा विषय शेतीच्या मासिकात कशास, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, विक्री हा शेतीचाच शेवटचा हंगाम होय. १९६३ च्या बाजार समिती कायद्याखाली फळे व भाजीपाला यांच्या विक्रीवर जे नियमन होते, ते महाराष्ट्रात २०१६ साली उठले व समितीच्या आवाराबाहेर थेट विक्रीची वाट मोकळी झाली. वाट मोकळी झाली, पण त्या वाटेवर आपली ओळख आपणच करून द्यावी लागते. अडत्याच्या गाळ्यावर माल स्वतः बोलत असे. घेणारा पेटी उघडी, फळ हाती घेई, वास घेई व मग भाव बोले. मोबाईलच्या काचेवर वास नाही व स्पर्शही नाही. तेथे मालाच्या जागी शब्द उभे राहतात. हे शब्द कोणाचे असावेत व कसे असावेत, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम या जाहिरातीचा आकार कसा होतो हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण मजकुराची सारी कला त्यातूनच निघते. वर्तमानपत्रात जाहिरात छापली म्हणजे जागेचे पैसे पडत. ती दहा जणांनी वाचली काय किंवा दहा हजारांनी वाचली काय, दर तोच. गूगलच्या शोधपानावरील जाहिरातीची रीत निराळी आहे. तेथे जाहिरात नुसती दिसल्याबद्दल बहुधा काही पडत नाही. एखाद्याने तिजवर बोट ठेवून ती उघडली, म्हणजे ज्यास क्लिक म्हणतात ते झाले, की आकार लागू होतो. ही रीत अमेरिकेत १९९८ साली गोटू नावाच्या शोधस्थळाने लिलावाच्या स्वरूपात चालविली, व गूगलने आपले जाहिरातींचे खाते ऑक्टोबर २००० मध्ये उघडले. कोणी एखादा शब्द शोधला की त्या क्षणी त्या शब्दापुरता लिलाव होतो, व त्यात ठरते की कोणाची जाहिरात वर व कोणाची खाली.

आम्ही महसूल खात्यात उमेदीची सारी वर्षे घालविली असल्याने लिलाव हा शब्द आमच्या परिचयाचा आहे. पण सरकारी लिलावात व या लिलावात एक भेद आहे. सरकारी लिलावात बहुधा सर्वांत चढी बोली तीच मान्य होते. येथे तसे नाही. बोलीबरोबरच जाहिरातीचा मजकूर शोधणाऱ्याच्या प्रश्नाशी किती जुळतो, लोक ती उघडण्याचा संभव किती, आणि उघडल्यावर जे पान दिसते ते उपयोगाचे आहे की नाही, हेही पाहिले जाते. यामुळे चांगला व नेमका मजकूर लिहिणाऱ्या लहान शेतकऱ्यास, चढी बोली बोलणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याच्याही वर, कमी दामात जागा मिळू शकते. पैशाची उणीव शब्दांनी काही अंशी भरून काढता येते, असा बाजार शेतकऱ्याच्या वाट्यास क्वचितच येतो. तो हातचा दवडू नये.

आता क्लिकमागे पैसे पडतात या एका गोष्टीचा परिणाम पाहा. जाहिरात म्हणजे जास्तीत जास्त माणसे गोळा करणे, असा सर्वसाधारण समज आहे. दवंडीच्या काळी तो योग्य होता. येथे मात्र जो घेणार नाही असा माणूस आत आला तर त्याच्या येण्याचे पैसे आपल्याच कनवटीतून जातात. म्हणून मजकुराला दोन कामे करावी लागतात : ज्यास माल हवा आहे त्यास बोलावणे, व ज्यास नको आहे त्यास दारातूनच नम्रपणे परत पाठविणे. पहिले काम सर्वांस ठाऊक आहे; दुसरे फार थोडे करतात.

वानगीदाखल एक हिशेब मांडतो; यातील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका क्लिकला १० रुपये पडतात. किंमत न सांगता केवळ मोहक शब्द लिहिलेल्या जाहिरातीवर २०० क्लिक झाले. २,००० रुपये, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ३६० रुपये, एकूण २,३६० रुपये गेले. त्यांतून चार पेट्यांची मागणी आली. म्हणजे पेटीमागे ५९० रुपये जाहिरातीचे. तोच माल, पण दुसऱ्या जाहिरातीत पेटीची किंमत व किती डझन हे स्पष्ट लिहिले. स्वस्त फळ शोधणारे आपोआप वगळले गेले व क्लिक ९० च झाले. ९०० रुपये व कर १६२ मिळून १,०६२ रुपये गेले. ज्यांस खरोखर घ्यावयाचे होते ते चौघे याही वेळी आले. पेटीमागे खर्च २६५ रुपये ५० पैसे. वरकड ३२४ रुपये ५० पैसे कोठून आले ? केवळ एक आकडा लिहिण्यातून आले. पुष्कळ ठिकाणी किंमत लपविण्यास शहाणपणा समजतात. या बाजारात तो महागात पडतो.

यात एक पथ्य मात्र सांभाळावे लागते. जाहिरात इतकी कोरडी होऊ नये की खऱ्या गिऱ्हाईकानेही तिजकडे पाठ फिरवावी. कारण फार थोडे लोक ती उघडतात असे दिसले तर लिलावात तिची प्रत खाली येते. यास्तव शोधणाऱ्याच्या तोंडचे शब्द मजकुरात असावेत, आणि अनाठायी माणूस आत येणार नाही याची तजवीज मुळातच करावी. गूगलच्या खात्यात ज्या शब्दांवर जाहिरात दिसावी ते जसे देता येतात, तसेच ज्या शब्दांवर ती दिसू नये तेही देता येतात. हापूस शोधणाऱ्यांत कोणास लावण्यासाठी कलम हवे असते, कोणास वाशीच्या बाजाराचा आजचा भाव पाहावयाचा असतो, कोणास आमरसाची कृती हवी असते. यांपैकी कोणीही आपले गिऱ्हाईक नव्हे. तेव्हा कलम, रोप, बाजारभाव, कृती, रेसिपी हे शब्द वर्ज्य म्हणून नोंदवून ठेवावेत. शेतात पीक वाढविण्याइतकेच तण काढणे महत्त्वाचे असते, हे शेतकऱ्यास आम्ही काय सांगावे !

आता प्रत्यक्ष मजकुराकडे वळू. आमच्या नोकरीत आम्ही लिलावाचे जाहीरनामे किती लिहिले याची गणती नाही. त्या कागदात अलंकार नसत. काय विकावयाचे, त्याचा गट नंबर व क्षेत्र किती, चतुःसीमा कोणत्या, कोणत्या दिवशी व कोठे, अनामत किती, अटी कोणत्या, एवढेच असे. चावडीवर लावलेला तो कागद वाचून माणूस ठरवू शके की आपण जावे की न जावे. चांगल्या जाहिरातीचे याहून निराळे लक्षण आम्हांस दिसत नाही. वाचणाऱ्यास ठरविता आले पाहिजे. जी जाहिरात वाचून मन प्रसन्न झाले पण ठरविता काहीच आले नाही, ती फुकट गेली असे समजावे.

हल्ली पाहण्यात येणाऱ्या मजकुराचा एक मासला घेऊ : ‘अस्सल देवगड हापूस ! नंबर एक दर्जा ! १०० टक्के नैसर्गिक ! आजच मागवा !’ यातील एकही शब्द असा नाही की जो दुसऱ्याने आपल्या मालावर लिहू नये. अस्सल प्रत्येकजण म्हणतो; नंबर एक प्रत्येकजण असतो. शिवाय गूगलच्या नियमांप्रमाणे मथळ्यात उद्गारचिन्ह चालतच नाही, व मजकुराच्या मध्येच फोन नंबर घातल्यासही हरकत घेतली जाते. त्यासाठी निराळी जागा दिलेली आहे. त्याऐवजी असे लिहून पाहा :

देवगड हापूस, थेट बागेतून
५ डझन पेटी ₹४,५०० घरपोच
२५०–३०० ग्रॅम, आढीत पिकवलेला

आणि खाली वर्णनात : ‘आंबा देवगड तालुक्यातील आमच्याच बागेचा. फळ उतरविल्याची तारीख पेटीवर. खराब फळ बदलून.’ किंमत आम्ही केवळ नमुन्यासाठी घातली आहे. ज्याने त्याने आपली घालावी. या मजकुरात मोठा शब्द एकही नाही. परंतु फळ कोठले, किती वजनाचे, किती नगांचे, कितीला, कसे पिकविलेले व खराब निघाल्यास काय, या सहाही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. आणि यातील प्रत्येक गोष्ट गिऱ्हाईकास पेटी उघडल्यावर पडताळून पाहता येते.

जागेच्या मर्यादेचीही माहिती असावी. गूगलच्या शोधपानावरील जाहिरातीत मथळ्यास ३० व वर्णनास ९० अक्षरांची मर्यादा आहे. मथळे १५ पर्यंत व वर्णने ४ पर्यंत देता येतात, आणि त्यांतून एका वेळी जास्तीत जास्त तीन मथळे व दोन वर्णने निवडून गूगलचे यंत्र ती जुळविते. कोणता मथळा कोणाशेजारी येईल याचा नेम नसल्यामुळे प्रत्येक मथळा आपल्या पायांवर उभा राहील असा पाहिजे. ‘आणि तोही घरपोच’ असा अर्धा तुकडा लिहिल्यास तो भलत्याच ओळीनंतर येऊन हास्यास्पद दिसतो. जे सांगितलेच पाहिजे, जसे किंमत, ते ठरावीक जागी कायम करण्याची सोय खात्यात आहे. तिचा उपयोग करावा. मराठी मजकूर कागदावर मोजण्यापेक्षा खात्यातील रकान्यातच टंकून पाहावा, म्हणजे मर्यादेत बसतो की नाही ते तत्काळ कळते.

फेसबुक व इन्स्टाग्राम यांची गोष्ट किंचित निराळी आहे. गूगलवर मनुष्य मागणी घेऊन आलेला असतो. आठवड्याच्या बाजारात पिशवी घेऊन आलेल्या माणसासारखा. फेसबुकवर तो जत्रेत फिरावयास आलेल्या माणसासारखा असतो; त्याच्या मनात खरेदी नसते, तो सोयऱ्याधायऱ्यांची छायाचित्रे पाहत असतो. तेथे सगळा मजकूर एकदम दिसतही नाही. पहिल्या काही ओळींनंतर बाकीचा झाकलेला असतो. म्हणून मुख्य गोष्ट पहिल्याच ओळीत यावी. ‘आमच्या तीन पिढ्यांची परंपरा’ अशा सुरुवातीपेक्षा ‘१० एप्रिलला उतरविलेला आंबा १२ तारखेस पुण्यात निघतो’ हे वाक्य त्या माणसाचे बोट थांबविण्यास अधिक समर्थ आहे. आणि छायाचित्र आपल्याच बागेचे, आपल्याच पेटीचे असावे. दुसऱ्याच्या फळाचे सुंदर चित्र लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात उभे राहून आपल्या नावाचा पंचनामा करविण्यासारखे आहे.

घेणाऱ्याच्या मनातील शंका ओळखणे हे मजकुराचे अर्धे काम होय. आपण शेतकरीही एके काळी असेच शंकेखोर गिऱ्हाईक होतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा समज शेतकऱ्यांत होता व नांगर पडून राहिले. नांगर उत्तम आहे, असे कितीही ओरडून सांगितले असते तरी त्या भीतीचे निरसन झाले नसते. नांगर चालवून व त्याचा गुण पटवूनच ते व्हावयाचे होते. पुढे १९२० साली त्याच कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले, ते मुळात कारखान्याच्या मालाची व कामाची माहिती लोकांस व्हावी म्हणूनच. यावरून घ्यावयाचा धडा हा की, स्तुती हे शंकेचे उत्तर नव्हे. आज शहरातील बाई हापूस मागविताना काय शंका घेते ? आंबा खरोखर कोकणचा असेल ना. पावडर लावून पिकविलेला नसेल ना. वाटेत फुटून आला तर पैसे बुडतील काय. कॅल्शियम कार्बाइड लावून फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, तरीही ही धास्ती लोकांच्या मनांत आहे. ज्या जाहिरातीत या तीन शंकांची तीन साधी उत्तरे आहेत, ती दहा विशेषणांच्या जाहिरातीस भारी पडेल.

दुसरी एक गोष्ट शेतकऱ्याच्या लक्षात येत नाही. जे काम तो रोज करतो ते त्यास इतके साधे वाटते की ते सांगण्याजोगे आहे हेच त्याच्या मनात येत नाही. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाचा जाहिरातलेखक होऊन गेला; जाहिरातीच्या शास्त्रावरील त्याचे प्रसिद्ध पुस्तक १९२३ सालचे आहे. एका मद्याच्या कारखान्याचे काम त्याजकडे आले असता बाटल्या वाफेने कशा धुतात, पाणी किती खोल विहिरीतून आणतात, हे त्याने पाहिले व तेच जाहिरातीत लिहिले. इतर कारखानेही तेच करीत, पण तोवर कोणी ते सांगितले नव्हते. मद्याशी आपणांस कर्तव्य नाही. युक्ती घेण्यासारखी आहे. आपल्या गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना भेंडीचे पाणी घालून मळी काढतात, गुळाचा रंग उजळविण्यासाठी हायड्रॉस न वापरल्यास गूळ तांबूस दिसतो, हे गुऱ्हाळावरच्या पोरासही ठाऊक असते. शहरातील माणसास ते ठाऊक नसते. तो पिवळाधमक गूळ पाहून तोच चांगला समजतो. ‘हायड्रॉस नाही, म्हणून रंग तांबूस’ एवढे चार-पाच शब्द लिहिले, तर जो रंग काल दोष वाटत होता तोच आज गुणाचा दाखला होतो. अर्थात गुऱ्हाळात हायड्रॉस खरोखरच वापरलेला नसला पाहिजे.

येथे आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. आमच्या कित्येक बंधूंचे म्हणणे असे पडते की, खरे लिहिणारा मागे राहतो व खोटे लिहिणारा विकून मोकळा होतो. कर्नाटकातील आंबा देवगडच्या नावाने विकला जातोच ना? हे म्हणणे निराधार नाही. परंतु त्यावर उपाय म्हणून आपणही आवाज चढविणे हा नव्हे. खोट्याचा स्वभाव मोघम असण्याचा आहे. आमच्या कारकुनीत आम्ही हे नेहमी पाहिले : ज्यास वहिवाट सिद्ध करावयाची नसे तो ‘वाडवडिलांपासून आमचेच आहे’ असे म्हणे, ज्याची वहिवाट खरी असे तो कोणत्या साली कोणते पीक घेतले, बांधावर कोणते झाड आहे, ते सांगे. लबाडाला तपशील नकोसा असतो, कारण तपशिलातच तो पकडला जातो. तेव्हा मोघम शब्दांच्या शर्यतीत खरा शेतकरी हरेल; तपशिलाच्या शर्यतीत मात्र लबाडाला उतरणे कठीण जाईल. आपली जाहिरात त्याच शर्यतीत उतरवावी.

तपशिलास आज साधनेही मिळाली आहेत. कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ यांनाही ते आहे. ज्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी केली आहे त्याने ती गोष्ट जाहिरातीत व पानावर जरूर सांगावी. देवगड तालुक्यातील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर निराळ्या क्रमांकाची चिकटचिठ्ठी लावण्याची योजना हाती घेतली, ती याच हेतूने की घेणाऱ्यास फळाचे मूळ तपासता यावे. ज्याच्यापाशी असा दाखला आहे त्यास ‘अस्सल’ हा शब्द लिहिण्याची गरजच राहत नाही.

उलट, जे आपल्यापाशी नाही ते लिहिल्यास कायद्याचाही प्रश्न येतो, व शेतकरी आहे म्हणून कोणी सोडील असे समजू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरणास १० लाख रुपयांपर्यंत, व पुन्हा तोच प्रमाद घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करता येतो. अशा जाहिराती कोणत्या, याची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली आहेत. भौगोलिक मानांकनाचा खोटा वापर हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा असून त्यास कैदेची शिक्षा आहे. ‘सेंद्रिय’ हा शब्दही मोकाट नाही. २०१७ च्या नियमांनी त्यास प्रमाणीकरणाची अट घातली आहे व लहान उत्पादकास थेट विक्रीपुरती जी सवलत आहे ती तिच्या मर्यादेतच आहे. अमुक तांदळाने वा अमुक गुळाने मधुमेह बरा होतो, असे लिहिणे तर १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याच्या कक्षेत जाऊ शकते. शेतकऱ्याने अन्न विकावे; औषध विकण्याचा आव आणू नये.

पण कायद्याहून मोठी हानी दुसरी आहे. शहरातील एका घराने देवगड म्हणून मागविलेला आंबा निराळा निघाला, तर ते घर त्या एका विक्रेत्यास दोष देऊन थांबत नाही. ‘इंटरनेटवरचे शेतकरी असेच’ असे म्हणून सर्वांनाच वाळीत टाकते. सुक्याबरोबर ओलेही जळते. थेट विक्रीची ही वाट फार मेहनतीने मोकळी झाली आहे. ती शब्दांच्या उधळपट्टीने बंद पडली तर पुन्हा अडत्याच्या गाळ्यावर रुमालाखाली बोटे धरण्याची पाळी येईल, व त्या वेळी दोष अडत्याचा असणार नाही.

आता व्यवहाराच्या तीन सूचना. पहिली अशी की, जाहिरातीत जे लिहिले तेच, त्याच आकड्यांनिशी, ती उघडल्यावर दिसणाऱ्या पानावर असावे. जाहिरातीत ४,५०० व पानावर ‘किंमत फोनवर विचारा’, असा प्रकार म्हणजे सातबाऱ्यावर एक क्षेत्र व मोजणीत दुसरे. गिऱ्हाईक तेथूनच मागे फिरते, आणि त्याच्या येण्याचे पैसे मात्र आपल्या नावे पडलेले असतात. दुसरी सूचना, जाहिरातीचे खाते आपल्या स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावावर असावे. कामासाठी माणूस नेमण्यास हरकत नाही, पण खाते त्याच्या नावे असले तर कोणत्या शब्दावर किती आले व किती गेले, ही सारी दप्तरे त्याच्याबरोबर निघून जातात. जमीन कसावयास दिली म्हणून कोणी सातबारा कुळाच्या नावे करून देत नाही.

तिसरी सूचना प्रयोगाची. प्रयोगाच्या वाफ्याची रीत आपणांस ठाऊक आहे : दोन वाफे, बी एक, पाणी एक, फरक फक्त खताचा. जाहिरातीतही तसेच करावे. दोन मजकूर, त्यांत फरक एकाच गोष्टीचा. एकात किंमत आधी, दुसऱ्यात वजन आधी. दोन्ही सारखे दिवस चालवून पाहावेत. मात्र निकाल क्लिकच्या संख्येवरून लावू नये. किती पेट्यांची मागणी आली व पेटीमागे किती खर्च पडला, यावरूनच लावावा. फोनवर मागणी नोंदविणाऱ्या प्रत्येकास ‘आपण आमची माहिती कोठे वाचली ?’ एवढे विचारून वहीत लिहून ठेवले, तरी हंगामाअखेर पुष्कळ कळते. आंब्याचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. त्यात चुकीच्या मजकुरावर तीन आठवडे गेले तर दुरुस्तीस वेळ उरत नाही. म्हणून लिहिण्याचे काम मोहोर असतानाच करून ठेवावे, फळ उतरू लागल्यावर नव्हे.

शेवटी आमची एक विनंती आपल्या संस्थेस आहे. सभासदांपैकी जे जाहिराती देतात त्यांचा मजकूर पैसे भरण्यापूर्वी दोन जाणत्या सभासदांनी वाचून पाहावा, अशी वहिवाट पाडावी. त्यांनी पाच प्रश्न विचारावेत : माल कोठला व कोणाचा हे लिहिले आहे काय ? वजन, नग व किंमत लिहिली आहे काय ? लिहिलेली प्रत्येक गोष्ट घेणाऱ्यास पडताळून पाहता येईल काय ? असा एखादा शब्द आहे काय की जो कोणीही आपल्या मालावर लिहू शकेल ? आणि ज्यास हा माल नको आहे त्यास हे वाचून ते कळेल काय ? पहिल्या तिन्हींचे व शेवटल्याचे उत्तर होय आणि चौथ्याचे नाही असे आले, तर जाहिरात खुशाल द्यावी. यास खर्च काही नाही. एका सायंकाळी चावडीत बसण्याएवढाच वेळ हवा. आणि जे लहान शेतकरी एकेकटे खर्च सोसू शकत नाहीत त्यांनी एकत्र येऊन संस्थेच्या नावे जाहिरात द्यावी, मात्र पानावर प्रत्येकाचे गाव व माल निराळा दाखवावा, म्हणजे जबाबदारी मोघम राहणार नाही.

मजकूर लिहिण्यास मोठी विद्या लागते, अशी भीती कोणी बाळगू नये. आमचे स्वतःचे शिक्षण मराठी शाळेपलीकडे गेलेले नाही. आपल्या शेतात काय पिकले, कसे पिकले, किती पिकले व कितीस द्यावयाचे, हे शेतकऱ्याइतके नेमके सांगणारा दुसरा कोणी नाही. शहरातील जाहिरातलेखकासही ते शेतकऱ्यास विचारूनच लिहावे लागते. मग ते शेतकऱ्याने स्वतःच का लिहू नये ? बांधावर उभा राहून तो शेजाऱ्यास जसे सांगेल तसेच त्याने लिहावे, आणि लिहिलेले पेटीत भरून पाठवावे. येत्या हंगामापूर्वी आपल्या सभासदांनी आपापल्या मजकुराचे नमुने या मासिकाकडे धाडल्यास त्यांची चर्चा पुढील अंकी करण्यास आम्ही आनंदाने तयार आहोत.